चार फुटांचा मोजा

नॉरशेपिंग, २० फेब्रुवारी

चिरंजीव रुने (वय वर्षं चौसष्ट) यास थोरल्या बहिणीचे, हात जरा आखडता घेऊनच, आशीर्वाद.

पत्रास कारण, तू फोन उचलत नाहीस. तिकडे गोटलंड बेटावर तुझी आणि तुझ्या त्या गुल्लव्हीबाईंची तब्येत ठणठणीत असणार, असं मी धरून चालते. समुद्राच्या वाऱ्याने तुझी कंबर दुखायची थांबली असेल आणि त्यांची मांजरं आणखी गुबगुबीत झाली असतील. माझी चौकशी तू केलेली नाहीस, तरी सांगते: डावा गुडघा ठणकतो, बाकी मी आहे तशीच आहे. आता तुझ्या सापाकडे वळू.

ऑक्टोबरात तू सिक्स्टेनला त्याच्या काचेच्या पेटीसकट माझ्या बैठकीत ठेवून गेलास, तो "फक्त तीन आठवडे, ताई" असं म्हणून. (गुल्लव्हीबाईंना साप चालत नाही. तू कसा चालतोस, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.) सोबत माहितीचा एक चतकोर कागद. त्यात "उंदीर फ्रीजरमध्ये आहेत" याखेरीज कामाचं एक अक्षर नाही. चार महिने माझ्या फ्रीजरमध्ये उंदीर आणि लिंगॉनची बोरं शेजारी शेजारी नांदत आहेत. वर नाताळच्या कार्डावर तू लिहितोस, "ताई, या वयात मी कात टाकली आहे!" कात टाकणं म्हणजे काय हे तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं, कारण मी ते जवळून पाहिलं आहे. ते वाटतं तितकं सोपं नसतं आणि त्याचं कार्ड पाठवत नाहीत.

नोव्हेंबरात सिक्स्टेनने कात टाकायला घेतली, ती उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी तुकड्या-तुकड्यांनी निघाली. घरात हीटर चालू, हवा पापडासारखी कोरडी, दुसरं काय होणार! अंगावरचे तुकडे कोमट पाण्यात सुटले, पण दोन्ही डोळ्यांवरच्या चकत्या तशाच चिकटून राहिल्या. (सापाला पापण्या नसतात. डोळ्यांवर काचेसारखी चकती असते आणि ती कातीबरोबर जायला हवी. हे तुला माहीत नव्हतं. नऊ वर्षं साप पाळून माहीत नव्हतं!) तुला फोन केला, तर तू म्हणालास, "चिकटपट्टी लाव आणि ओढ." मी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना तुझा हा सल्ला शब्दशः सांगितला. त्यांनी चष्मा काढून कपाळ चोळलं. ओढायचं नाही, ओढलं तर डोळाच जाईल. ओलावा द्या आणि पुढच्या कातीची वाट बघा. त्या वेळीही चकत्या राहिल्या तर मात्र डोळ्यांचं काही खरं नाही, असं त्या म्हणाल्या. कात निघाली की ती जपून ठेवून डोक्याकडची बाजू भिंगातून तपासायची, हेही त्यांनी बजावलं.

मग मी ओलावा दिला. डब्यात ओलं शेवाळ घालून त्याला घर केलं. (जंगलातलं शेवाळ उचलायला जमीनमालकाची परवानगी लागते. मी पत्र लिहून घेतली. तू खिसे भरून आणलं असतंस.) पण सकाळी भिजवलेलं शेवाळ दुपारी कुरकुरीत व्हायचं. सिक्स्टेनने खाणं सोडलं. उंदीर समोर धरला की तो भलतीकडेच मान वळवायचा, कारण त्याला दिसतच नव्हतं. सहा आठवडे तो उपाशी होता, रुने. मी रोज त्याचं वजन करत होते आणि रोज तुला शिव्या देत होते.

फेब्रुवारीत त्याचा रंग पुन्हा फिका पडला, म्हणजे कात जवळ आली. या इमारतीत बाराही महिने दमट असणारी जागा एकच, तळघरातली सामाईक धुलाईखोली. आता तुला ठाऊक आहे की त्या खोलीचे नियम गेली बावीस वर्षं मी करते. भिंतीवरचा प्रत्येक कागद माझ्या हातचा. नियम एक, खोलीत धुण्याखेरीज काहीही आणू नये. नियम तीन, पाळी संपण्याआधी खोली रिकामी करावी. नियम चार, मागे काही विसरू नये. विसरलेली वस्तू चिठ्ठीसह फळ्यावर टांगली जाईल. तिसऱ्या मजल्यावरच्या एव्हर्टला ड्रायरची जाळी साफ न केल्याबद्दल मी आजवर चौदा चिठ्ठ्या लिहिल्या आहेत. (पंधरावीचा मसुदा तयार होता.)

त्या मी, मंगळवारी सकाळी सातची पाळी तक्त्यावर माझं कुलूप अडकवून राखून ठेवून, धुण्याच्या टोपलीत तुझा साप घेऊन खाली उतरले. नियम एक मोडला. मशीन रिकामं कसं चालवायचं म्हणून धुतलेल्याच चादरी परत धुतल्या. सिक्स्टेनला मोठ्या सिंकमध्ये ओल्या टॉवेलांवर ठेवलं, वर जाळीचं झाकण, बाजूला कोमट पाण्याच्या बादल्या, आणि स्टुलावर मी. तो टॉवेलांच्या घड्यांत शिरला, दिसेनासा झाला, तरी तीन तास त्या वाफेत बसून मी त्याच्याशी बोलत होते. काय बोलले ते तुला सांगण्यासारखं नाही.

दहाला पाच कमी असताना दारात एव्हर्ट. त्याची पाळी दहाची, पण हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच लवकर आला. मी सिक्स्टेनला टॉवेलात गुंडाळून टोपलीत घातलं आणि वर चादरी दाबल्या. एव्हर्ट टोपलीकडे बघत म्हणाला, "सिग्ब्रितबाई, तुमची चादर चालायला लागलीय."

"तागाची आहे, आकसतेय," मी म्हणाले आणि गुडघा विसरून जिने चढले.

वर येऊन बघते तर सिक्स्टेन नवा कोरा, गाजरासारखा लाल, आणि कात गायब. तो तडक शेवाळाच्या डब्यात शिरला आणि डोकं बाहेर काढेना. कात निघाल्यावर डिवचायचं नसतं. म्हणजे डोळे सुटले की नाही हे फक्त ती कात सांगणार, आणि ती कात मी सिंकमध्ये विसरून आलेले. परत जावं तर खाली एव्हर्टची पाळी. नियम चार.

बुधवारी सकाळी फळ्याभोवती चार शेजारी जमले होते. माझ्याच चिमट्याने माझ्याच फळ्यावर ती टांगलेली, शेजारी एव्हर्टच्या अक्षरात चिठ्ठी: "धुलाईखोलीत एक मोजा सापडला आहे. पारदर्शक, लांबी चार फूट. मालकाने ओळख पटवून न्यावा. नियम चार वाचावा."

मला सरळ पुढे जाता आलं असतं. मोजा माझा नाही, असं म्हणायचं आणि मुकाट चालू पडायचं. पण सहा आठवडे उपाशी असलेला तो जीव डोळ्यांपुढे आला. मी पर्समधून भिंग काढलं आणि सगळ्यांदेखत त्या मोज्याच्या टोकाला लावलं.

"काय शोधताय एवढं?" एव्हर्टने विचारलं.

"डोळे," मी म्हणाले.

कोणी हसलं नाही. एव्हर्टने मोबाईलचा दिवा लावून मागून धरला. पहिली चकती दिसली. मग दुसरी, ती दुहेरी होती, जुनी नवीला चिकटून आलेली. पहिलीही पुन्हा पाहिली, तीही दुहेरी. मी तिथेच रडले, रुने. बावीस वर्षांत त्या फळ्यापुढे कोणी रडलं नव्हतं, निदान माझ्यादेखत तरी.

तेव्हा आता तुझं हे लोढणं येत्या शनिवारी येऊन घेऊन जा. मला या वयात असले नसते उद्योग नकोत. गुल्लव्हीबाईंना जो काय योग्य असेल तो नमस्कार सांग.

तुझी ताई,
सिग्ब्रित

ता. क. शनिवारी येऊ नकोस. त्याने काल एक उंदीर खाल्ला, आज पोटाची टेकडी करून झोपला आहे. प्रवास झेपायचा नाही. रविवारही सोयीचा नाही.

ता. क. दुसरा. सोबत एक अर्ज आहे. इमारतीत ठेवलेल्या प्राण्याचा मालक इथलाच रहिवासी हवा (हा नियमही माझाच). नव्या मालकिणीची सही झाली आहे. जुन्याने पेन्सिलची फुली आहे तिथे करावी. पोस्टाचं तिकीट लावलेलं पाकीट आत आहे, म्हणजे तुला सबब उरणार नाही.

ता. क. तिसरा. तिकडे करमेनासं झालं तर माझ्याकडची तुझी मुक्कामाची खोली आहे तशीच आहे. चकती सुटायला वेळ लागतो, ओढू नये म्हणतात. मी ओढणार नाही. फक्त मंगळवारी सकाळी येऊ नकोस, तेव्हा सिक्स्टेन आणि मी खाली असतो.