बोगद्यातली हाळी

३ मे

आज नागपुरात पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता म्हणून रुजू झाले. बेसा भागात भाड्याचा फ्लॅट मिळाला आहे. तिसरा मजला, खिडकीतून अर्धवट बांधलेल्या इमारती आणि त्यांच्यामागे कडुलिंबांची एक रांग. सांगलीहून निघताना आईने इथल्या उन्हाची इतकी धास्ती घातली होती की मी काहीतरी भयंकर बघायला येते आहे असेच वाटत होते. ऊन आहे. पण मला शहर आवडले. हे आजच लिहून ठेवते, कारण महिन्याभरात मीच ते नाकारेन.

कार्यालयात सगळ्यांनी पहिला प्रश्न एकच विचारला, कूलर लावला का. उपअभियंता केशव बोरकर म्हणाले की इथे मे महिन्यात नवा साहेब आधी कूलर पाहतो, मग खुर्ची. त्यांनी कळमन्याच्या बाजारातून आंब्यांची पेटी आणली होती. भेट घ्यायची नाही हे माझे तत्त्व, म्हणून मी ती साऱ्यांत वाटून टाकली. हिवरधरा तलावावरचे चौकीदार रुपराव काही कामाने आले होते. ते म्हणाले, "एक तरी ठेवा मॅडम, नाही तं आंबा नाराज होते." सगळे हसले, मीही. एक आंबा घरी आणला आहे. हे तत्त्वात बसते का, याचा विचार बसमध्ये केला. बसते, असे ठरवले.

५ मे

हिवरधरा तलावावर गेलो. खापा गावाच्या पुढे, टेकड्यांमध्ये. माझ्या पथकाचे मुख्य काम हेच: या तलावात उरलेले पाणी पावसाळ्यापर्यंत पुरवायचे.

तलावातून कालवा निघतो, थोडे अंतर उघडा जातो आणि मग टेकडीच्या पोटात शिरतो. हा बोगदा अर्ध्या किलोमीटरहून लांब आहे. मधोमध उजेडासाठी आणि हवेसाठी वरपर्यंत एक उभे भोक ठेवले आहे. टेकडीपलीकडे कालवा पुन्हा उघड्यावर येतो आणि खालच्या गावांच्या पिण्याच्या विहिरींकडे जातो. पाणी पाळीने सोडतात: काही दिवस चालू, काही दिवस बंद. बंद असताना बोगदा कोरडा आणि गार असतो. त्यामुळे उन्हाळ्यात गुराखी आत जाऊन बसतात, मेंढरे शिरतात. म्हणून तलावाचे लोखंडी दार उचलून पाणी सोडण्याआधी दोन मजूर बोगद्यातून आरपार फेरी मारतात आणि मग भोंगा वाजतो.

यानंतर हाळी. ही कुठल्याच नियमात नाही. रुपराव बोगद्याच्या तोंडाशी उभे राहतात, तळवे तोंडाला लावतात आणि ओरडतात, "मोकळा हाये का गा?" पलीकडून पुरुषाचा आवाज येतो, "मोकळा हाये!" मग दार उचलतात.

मला हे फार आवडले. कागदावरच्या सहीपेक्षा माणसाने माणसाला विचारणे बरे. पाणी सुटले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. आनंदाचा.

८ मे

पलीकडे उत्तर देणाऱ्या माणसाची ओळख करून घ्यावी म्हणून आज गाडीने टेकडीला वळसा घालून गेले. वळसा मोठा आहे, रस्ता वाईट. बोगद्याचे खालचे तोंड सागाच्या झाडीत आहे. तिथे एक चौकी आहे, पण तिचे छप्पर बसले आहे आणि दारात रुईचे झाड माझ्या उंचीचे झाले आहे. त्या दारातून वर्षानुवर्षे कोणी आत गेलेले नाही.

केशवना विचारले. ते सहज म्हणाले की ते पद केव्हाच रद्द झाले. मग उत्तर कोण देते? ते म्हणाले, प्रतिध्वनी असेल. मी म्हटले, प्रतिध्वनी प्रश्न परत करतो, उत्तर देत नाही. त्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "उत्तर येऊन राह्यलं ना मॅडम? मंग काहून खोलात जाता?"

मी खोलात जाते. हा माझा गुण आहे की खोड, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

१२ मे

काल पाणी बंद केले. आज बोगदा कोरडा झाल्यावर एक प्रयोग केला. शाखा अभियंता अनिश याला खालच्या तोंडाशी उभे केले आणि सांगितले की काहीही ऐकू आले तरी बोलू नकोस. इकडून रुपरावांनी हाळी दिली. उत्तर आले.

अनिश बोगद्यातून चालत आमच्याकडे आला. हसतच म्हणाला, "आत फक्त वटवाघळं हायेत मॅडम, अन् त्याईले मराठी येत नाही." पण नंतर मला बाजूला घेऊन त्याने सांगितले की त्याने हाळी ऐकली आणि उत्तरही ऐकले. उत्तर आतून आले होते. बोलणाऱ्याचे तोंड आमच्याकडे होते आणि पाठ अनिशकडे. हे कसे कळले, ते त्याला सांगता आले नाही.

१६ मे

पाणी सोडायचा दिवस. फेरी झाली, भोंगा झाला. रुपरावांनी हाळी दिली. उत्तर यायला वेळ लागला.

"थांबा! सोडू नका गा! आत बाई हाये!"

मी स्वतः ऐकले. दार थांबवले, सगळ्यांना विजेऱ्या देऊन आत पाठवले, मीही गेले. कोणी नव्हते. गाळावर आमच्याच पावलांच्या खुणा. मी पाणी सोडले नाही. बाई आहे असे कोणीतरी सांगितल्यावर कसे सोडणार?

१८ मे

पुन्हा तेच. आत बाई हाये. पुन्हा शोध, पुन्हा कोणी नाही. पुन्हा दार बंद.

दुपारी खालच्या एका गावच्या सरपंच सुभद्राबाई दहा-बारा बायकांना घेऊन कार्यालयात आल्या. विहीर आटली आहे, टँकर एक दिवस येतो, एक दिवस येत नाही. काल एक म्हातारी खाली उतरून वाटीने पाणी भरताना पडली, पाय मोडला. मी म्हटले, तांत्रिक अडचण आहे. सुभद्राबाईंनी माझ्या टेबलावरच्या थंड पाण्याच्या बाटलीकडे पाहिले आणि म्हणाल्या, "काहून वं मॅडम, मुहूर्त पाहून राह्यली का? पाण्याचं लगन हाये?"

मी ती बाटली त्यांना दिली. त्यांनी ती न पिता माझ्या टेबलावरच्या कुंडीत ओतली. त्यांचे बरोबर होते.

एका बाजूला एवढी गावे. दुसऱ्या बाजूला एक बाई, जी नाही.

१९ मे

रुपरावांनी आज सांगितले. विचारल्यावरच सांगितले, आणि माझ्याकडे न बघता.

त्या चौकीत पूर्वी चंद्रभान नावाचा माणूस होता. एकदा तो आत शिरलेली बकरी काढायला बोगद्यात गेला. इकडे तेव्हाच्या नव्या साहेबाला घाई होती. त्याने हाळी देऊ दिली नाही, दार उचलायला लावले. त्यानंतरच्या पाळीला रुपरावांनी सवयीने हाळी दिली, आणि उत्तर आले. चंद्रभानचेच. "घाबरलो नाही मी," रुपराव म्हणाले, "जिता होता तवा बी इमानदार होता, मेल्यावर बी हाये."

तो कधी चुकला का, असे मी विचारले. एकदा तो आत मेंढरे आहेत म्हणाला होता. फेरीत दिसली नाहीत, म्हणून दार उचलले. मेंढपाळाला भोंगा ऐकू गेला नव्हता; त्याने ती फेरीनंतर आत घातली होती, सावलीला. खालच्या तोंडातून सगळी फुगून निघाली.

म्हणजे तो चुकत नाही.

मी अभियंता आहे. वरचे वाक्य खोडायचे होते. खोडत नाही.

२१ मे

आज आवाज वेगळा होता. बाईचा. शब्द नीट ऐकू आले, "मी आहे! मी आत आहे!"

मजूर पळाले. रुपराव खाली बसले. केशव माझ्याकडे पाहत राहिले, मग नजर काढून घेतली. त्यांना काय वाटले ते मी विचारले नाही. ती इकडची नव्हती. इकडे कोणी "आहे" म्हणत नाही.

शोधले. कोणी नाही.

२२ मे

काल संध्याकाळी वरून फोन. लेखी खुलासा मागितला आहे. काय लिहू? सुभद्राबाईंच्या गावात जुलाब सुरू झाले आहेत, लोक डबक्यातले पाणी पीत आहेत. दोन मुले खाप्याच्या दवाखान्यात आहेत.

मुले खरी आहेत. आवाजाचे मला माहीत नाही.

रात्रभर विचार केला. सकाळी आदेश काढला, माझ्या सहीने. हाळीची प्रथा बंद. बोगद्यातून येणाऱ्या कोणत्याही आवाजावरून दार थांबवू नये. फेरी आणि भोंगा, एवढेच. २५ तारखेला सकाळी अकराला पाणी सुटेल.

रुपरावांना मी तो आदेश वाचून दाखवला. ते म्हणाले, "नवा साहेब असाच होता." मी रागावले. मग माफी मागितली. मग वाटले, माफी मागायला नको होती.

२४ मे

केशवना तीनदा बजावले की फेरी झाल्याशिवाय दार नाही. ते म्हणाले, होईल मॅडम. मजूर तयार आहेत का? होतील मॅडम.

मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहिले नाही. पाहायला हवे होते का?

उद्या मी खालच्या तोंडाशी थांबणार. पाणी बाहेर पडताना मला स्वतः बघायचे आहे. ड्रायव्हर विक्की बहिणीच्या लग्नाला गेला आहे, गाडी मीच चालवत नेते.

२५ मे, खालचे तोंड

वही सोबत आहे, नेहमीप्रमाणे. बॉनेटवर ठेवून लिहिते आहे. पत्रा पोळतो.

साडेदहा वाजले. एव्हाना फेरी व्हायला हवी होती; झालेली नाही.

बोगद्याच्या तोंडाशी गाळाची पापुद्र्यासारखी साय आहे. वाऱ्याने काल-परवा आणलेली धूळ तिच्यावर सपाट बसली आहे. एकही ताजे पाऊल नाही. मजूर आत आलेच नाहीत. केशव फेरी झाली म्हणतील आणि दार उचलतील.

मोबाइलला रेंज नाही. गाडीने वळसा घातला तर पोचेपर्यंत अकरा वाजून जातील. बोगद्यातून चालत गेले तर आधी पोचेन. भरपूर आधी. फेरीही होईल. आत खरेच कोणी असेल तर—

माझ्या सहीने पाणी सुटणार आहे. मला माहीत असायला हवे.

जाते.

बोगद्यात, भोकाखाली

मधोमध आहे. वरून उजेडाचा एक खांब पडतो आहे, तेवढ्यात लिहिते.

गाळात पाय घसरला. घोटा मुरगळला आहे, टेकवत नाही. विजेरी फुटली. भिंत धरून उभी राहिले, दोन पावले टाकली, पडले. आता रांगत जाईन. आधी श्वास—

आत कोणी बाई नाही. हे नीट लिहून ठेवते. मी बघत आले. कोणी नाही.

भोंगा.

म्हणजे अजून थोडा वेळ आहे. ओरडले. गार आहे इथे. फार गार.

रुपरावांचा आवाज! "मोकळा हाये का गा?" मी बंदी घातली होती, तरी त्यांनी हाळी दिली. देव त्यांचे

ओरडले. जीव खाऊन ओरडले, मी आहे, मी आत आहे

हे शब्द मी ऐकले आहेत

केशवचा आवाज. बोगदा सगळे आणून पोचवतो, एकेक अक्षर. "ऐकू नका रुपरावजी. मॅडमचाच आदेश हाये."

रुपराव रडताहेत. भांडताहेत. "हा त्याईचाच आवाज हाये!" केशव म्हणतात मॅडम पलीकडे आहेत, गाडी घेऊन गेल्या

माझ्या शेजारी कोणीतरी आहे. अंधारात, उजेडाच्या अगदी कडेला. तोंड दाराच्या बाजूला. तोही ओरडतो आहे, माझ्यासाठी, "सोडू नका गा! आत बाई हाये!" आम्ही दोघे मिळून

लोखंड करकरले

वारा आला. वरून नाही, बोगद्यातून. ओला. पाने धरवत नाहीत

तो ओरडायचा थांबला. माझ्याकडे वळला आहे. हात पुढे केला आहे, म्हणतो, भिऊ नको वं, पुढच्या पाळीपासून आपण दोघं