एका वेळी एकच व्हॉल्व्ह

४ ऑक्टोबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी तक्रार मान्य. फोनवर मी नुसतं हं म्हणते, तेव्हा इथून पुढे पत्र. बाबांना किती वाचून दाखवायचं ते तू ठरव.

आधी तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर: कुणी मुलगा नाही. फ्रेंच मी कुणासाठी शिकत नाही, वर्ग लावायच्या आधीच सांगितलं होतं तसं गुणांसाठी शिकते. परदेशी कामाला जाण्याच्या अर्जात वय, शिक्षण, अनुभव आणि भाषा यांचे गुण धरतात. माझं शिक्षण आणि अनुभव आहे तेवढाच आहे. इंग्रजीत पूर्ण गुण मिळाले तरी मी काठावरच राहते. फ्रेंच जमेला धरलं तर आत येते. वयाचं मात्र उलटं आहे. मेमध्ये तीस पूर्ण झाली की ते गुण घटायला लागतील. म्हणून परीक्षा त्याआधी.

तू सुचवलेल्या बाईंकडे जायला लागून सहा महिने होत आले. चष्म्याच्या दुकानावरची खोली, एक टेबल, चार खुर्च्या, आणि नीट न लागणारी खिडकी, तिच्या फटीत पुठ्ठा कोंबलेला. आम्ही तिघं आहोत: एक नर्स, एक हॉटेलातला आचारी आणि मी. लिहिणं, वाचणं, ऐकणं यांत मी पुढे आहे. पण बोलण्याच्या परीक्षेचा विषय काढला की बाई म्हणतात, अजून नाही. का, असं विचारलं की चष्मा पुसत बसतात. माझ्यानंतर आलेल्या नर्सला त्यांनी परीक्षेला बसवलंसुद्धा. ती चुका करत बोलते, पण थांबत नाही.

परीक्षेचा अर्ज माझी मीही भरू शकते. पण जागा थोड्या असतात, आणि मेच्या आत दुसऱ्यांदा बसायला मिळणार नाही. संधी एकच आहे, म्हणून बाईंच्या होकाराची वाट बघते आहे.

बाईंची आणि तुझी ओळख नेमकी किती? त्यांनी कधीकाळी तुझ्याकडून एक कोट शिवून घेतला, एवढंच तू सांगितलं होतंस.

बाबांना नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच ठेव.

तुझी भाची


१५ ऑक्टोबर

चि. घुमीस,
अ. आ.

पत्र पोचलं. पाकीट फोडल्यावर क्षणभर वाटलं, बँकेकडूनच आलंय. मुलगा नाही हे तू सगळ्यात आधी लिहिलंस, त्यामुळे माझी शंका वाढली आहे. असो.

दादा बरा आहे. तुझं पत्र आलं की घरभर चष्मा शोधतो, आणि सापडला की म्हणतो, तूच वाच. मी वाचलं. ते काठावर आणि आत वगैरे झाल्यावर म्हणाला, म्हणजे जाणार. मी म्हटलं, परीक्षा तर होऊ दे. त्यावर तो अंगणात जाऊन उभा राहिला आणि बऱ्याच वेळाने आत आला.

बाईंचं म्हणशील तर हो, कोट. त्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, म्हणून गिऱ्हाईक लक्षात राहिलं. एवढी चौकशी कशाला? बाई थांब म्हणतात तर थांबावं. घाईत मारलेली टीप मला रोज उसवावी लागते, लोकांची म्हणून सांगते.

तुझ्या खोलीत मी कापडाचे तागे रचलेत. येणार असशील तर आधी कळव, तागे हलवायला दोन माणसं लागतात. जेवत जा. माया कमी करू नकोस, अक्षर थोडं मोठं काढ.

तुझी आत्या


२ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

अक्षर मोठं काढलं आहे.

नर्स पास झाली. आचाऱ्यालाही बाईंनी फॉर्म दिला. मला नाही.

बोलण्याच्या सरावाला बाई कार्डं वाटतात. त्यावर एक प्रसंग असतो, आणि समोरच्याला पटेपर्यंत बोलायचं असतं. परवा माझ्या कार्डावर होतं: तुम्ही लहानपणी घरातलं शिलाई मशीन पूर्ण खोललं आहे, मालकीण दारात उभी आहे, तिची समजूत घाला. मी दोन वाक्यं बोलले आणि थांबले. मशीन खोललेलं खरं आहे, पण ते मी वर्गात कधी सांगितलेलं नाही. योगायोग असावा.

दुसरं म्हणजे, मी कुत्रा पाळायचा विचार करते आहे. शेजारच्या गल्लीत एक पिल्लू आहे, तपकिरी, एक कान पडलेला. घरमालकीण परवानगी देणार नाही असं दिसतं. हे सध्या तुझ्यापाशीच राहू दे.

प्रयोगशाळेत नवीन पंप आला आहे, त्यामुळे काम जास्त आहे. बाबांना नमस्कार. आपुलकी राहू दे.

तुझी भाची


१३ नोव्हेंबर

चि. घुमीस,
अ. आ.

योगायोगच. पोरं सगळीकडे मशिनी खोलतात. तू मात्र जोडून दिली होतीस आणि एक स्क्रू उरला होता. तो अजून माझ्या बटणांच्या डब्यात आहे आणि मशीन त्याच्यावाचून चालतंय, तेव्हा तूच बरोबर असशील.

कुत्रा आणि तू? तुला पाहुणा दोन दिवस राहिला तरी जड जातो. पण मला बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. घरमालकिणीला सांग की कुत्रा असला की चोर येत नाहीत. बायकांना हे पटतं. पडलेल्या कानाचं मनावर घेऊ नकोस, मोठं झाल्यावर उभा राहतो.

एकच विचारते. जिला परदेशी जायचंय ती कुत्रा कशाला आणेल? बेत बदलला असेल तर आडपडदा न ठेवता लिही. तागे मी आजच हलवते.

उत्तराची वाट बघणारी,
आत्या


२७ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तागे हलवले असशील तर परत ठेव. बेत बदललेला नाही. कुत्राही नाही. पिल्लू कधीच नव्हतं.

आमच्याकडे चाचणीच्या पाइपांत कुठेतरी गळती असली की सगळे व्हॉल्व्ह बंद करतात आणि एका वेळी एकच उघडतात. ज्याच्यानंतर दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा पडतो, गळती तिथे. मशीनच्या कार्डानंतर मी तेच केलं. बाबांना फोनवर सांगितलं की मी खोली बदलते आहे. चुलतभावाला कळवलं की ऑफिस मला प्रशिक्षणाला पाठवणार आहे. कुत्रा फक्त तुला सांगितला होता.

काल बाईंनी मला कार्ड दिलं. तुम्हाला कुत्रा पाळायचा आहे, घरमालकीण नाही म्हणते, तिला पटवा. कुत्रा तपकिरी आहे असंही लिहिलेलं होतं. मी कार्ड पालथं ठेवलं आणि घरी आले.

आणखी एक गोष्ट मी आधीच बघायला हवी होती. बाई या थंडीत करडा कोट घालतात. नवा आहे. डाव्या खांद्यावर एक सुरकुती नाही. इथल्या एकाही शिंप्याला आपला खांदा साधत नाही असं त्या पहिल्या महिन्यात आचाऱ्याला सांगत होत्या. तो खांदा ज्या हाताने बसवला तो हात मी ओळखते; माझे शाळेचे सगळे कपडे त्यानेच शिवले आहेत.

तेव्हा आता मी विचारते. बाई माझ्याबद्दल तुला काय लिहितात, आणि तू त्यांना काय सांगून ठेवलं आहेस? मे उलटेपर्यंत बाईंनी मला ‘अजून नाही’ म्हणत राहायचं, असं ठरलं आहे का? मला थांबवायचं असेल तर माझ्याशी बोलायचं होतं. मी फोनवर हं म्हणते, पण ऐकत असते.

नेहमीचा मजकूर इथे लिहिण्याइतकी माझी खात्री नाही. बाबांना नमस्कार.

भाची


६ डिसेंबर

चि. घुमीस,
आशीर्वाद आहेतच, ते काही तपासून द्यायचे नसतात.

तुझं पत्र मी दुकानात उभ्याने वाचलं. समोर गिऱ्हाईक होतं. त्याचं माप दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा वेगळं आलं.

कोट मीच शिवला. बाकीचं मी पत्रात लिहिणार नाही, कारण माझ्या लिहिण्यावर आता तुझा विश्वास बसायचा नाही. बाईंनाच विचार. मी त्यांना कळवलंय की ही जे विचारेल ते काही न लपवता सांगा, मला वाईट दिसेल तेही सांगा.

एवढंच लिहिते की कुत्र्याचं मी दादाला सांगितलं होतं. राहवलं नाही. तीन दिवस त्याने नाव शोधलं, एक पक्कं केलं, आणि जुना पट्टा कापून गळपट्टा करता येईल का म्हणून माझ्याकडे आणून दिला. पट्टा अजून टेबलावर आहे. तुझ्या प्रयोगात त्याचा व्हॉल्व्ह बंद होता म्हणतेस. मग तो कसा भिजला, तेही एकदा तपासून बघ.

आत्या


१५ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांचं मी धरलं नव्हतं. ती माझी चूक.

बाईंकडे गेले. वर्ग सुटायची वेळ होती, आचारी मफलर गुंडाळत होता. मी आपल्या भाषेत विचारायला सुरुवात केली, तर बाई म्हणाल्या की या खोलीत त्या फक्त फ्रेंचमधल्या प्रश्नाला उत्तर देतात. मग मी फ्रेंचमध्ये विचारलं. कार्डांचं विचारलं, कोटाचं विचारलं, माझ्यामागे माझी पत्रं कोण वाचतं ते विचारलं. माझा वेळ, माझी खोली, माझं वय हे सगळं मी कसं जुळवत आणलं आहे आणि त्यांनी त्यातला एक खिळा कसा काढून ठेवला आहे, हे त्यांना सांगितलं. शब्द अडला की दुसरा घेतला. चुका झाल्या असतील, तपासल्या नाहीत. मधे बाईंनी काही म्हणायचा प्रयत्न केला, तर माझं संपलेलं नाही असं मी म्हटलं. आचारी एका हातात दाराची कडी धरून उभाच राहिला. नंतर जिन्यात म्हणाला, ताई, तुम्ही एवढं बोलता हे आम्हाला माहीत नव्हतं.

माझं संपल्यावर बाईंनी सांगितलं. मी वर्गात यायच्या आधीच तू त्यांना लिहिलंस की हिला तीस उलटेपर्यंत ठेवून घ्या. त्यांनी उलट टपाली कळवलं की असली कामं त्या घेत नाहीत, भाचीला अडवायचं तर तूच अडव. त्यानंतर तू गप्प बसलीस. पुढे त्यांनीच तुला लिहिलं की पोरगी गेजसारखी आहे, आकडा दाखवते आणि थांबते. बोलण्याच्या परीक्षेत ती नापास होईल. ही कशावर चिडते, कशावर हसते, कशासाठी भांडते ते कळवा. तू पानंच्या पानं पाठवलीस. सगळी कार्डं त्यातून निघाली. शेवटच्या टपालात कोटही पाठवलास. अजून नाही, हे मात्र त्यांचं स्वतःचं होतं.

मग त्यांनी टेबलाच्या खणातून परीक्षेचा फॉर्म काढला आणि म्हणाल्या, आता भर. फेब्रुवारीची जागा आहे.

मी फॉर्म भरला. तुझ्यावर किती रागावले आहे ते अजून मोजलेलं नाही. पहिल्या पत्राचा राग आहे. नंतरच्या पत्रांचं काय करायचं ते मला कळत नाही, कारण दोन्ही एकाच पाइपातून आलं आहे.

बाबांना सांग की पट्टा कापू नका.

तुझी भाची


२४ डिसेंबर

चि. घुमीस,
अ. आ.

तुला ठेवून घ्या असं मी बाईंना लिहिलं होतं, हो. तू मला न विचारता गुणांचा हिशेब केलास, आणि मी तुला न विचारता तो बिघडवायला निघाले होते. बाईंनी ऐकलं नाही हे बरं झालं. त्या दिवशी मला तसं वाटलं नव्हतं.

पुढची पानं मी का पाठवली ते विचारू नकोस. बाईंनी लिहिलं की तू नापास होशील. तू जाशील याची मला भीती होती, पण तू नापास होशील हे मला चालेना. माणसाचं असं असतं, तुझ्या गेजवर कदाचित येत नसेल.

मापं घेताना गिऱ्हाईक श्वास रोखून उभं राहतं आणि मग कपडा घट्ट होतो. परीक्षेत श्वास रोखू नकोस. संशय आहे तोवर घरचं नातं आहे असं मी धरून चालते. परक्यावर कोण एवढी मेहनत घेतं?

तुझी आत्या


९ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

निकाल लागला. बोलण्यात हवे तेवढे गुण मिळाले, थोडे वरच. आता मी काठाच्या आत आहे. पुढे काय होईल ते अर्ज तपासणाऱ्यांच्या हातात.

परीक्षेतलं कार्ड साधं होतं. एक ओळखीची बाई तुमच्याबरोबर प्रवासाला यायला तयार नाही, तिला तयार करा. समोर एक अनोळखी गृहस्थ पेन घेऊन बसले होते. त्यांनी आक्षेप घ्यायचे होते, पण ते मागे पडले, कारण तुझे सगळे मला तोंडपाठ होते. गुडघे दुखतात. दुकानाची किल्ली कुणाकडे द्यायची. दादाला चष्मा कोण शोधून देणार. तिकडे माझं माप कोण घेणार. मी प्रत्येकाला उत्तर दिलं. शेवटी ते म्हणाले, तयार आहे, येते. तू अजून म्हणालेली नाहीस, हे मला माहीत आहे.

रागाचं मोजून झालं. जो आहे तो पत्रात मावत नाही, आणि बाकीचंही मावत नाही. म्हणून या वेळी लोभ वगैरे खाली लिहीत नाही, तोंडीच सांगेन. रविवारी दुपारी फोन करते. दुकान बंद ठेव आणि बाबांना शेजारी बसव, त्यांनी कुत्र्याचं नाव काय ठेवलं होतं ते मला विचारायचं आहे. बराच वेळ लागेल.

मधे हं म्हणायचं काम या खेपेला तुझं.

तुझी घुमी