दोन स्थळं आणि एक बोकड

कर्जत, ४ फेब्रुवारी १९७३

तीर्थरूप आप्पासाहेब मामांच्या चरणी गोरक्षनाथाचा साष्टांग नमस्कार. (डावा गुडघा सुजल्यामुळे सध्या तो सातच अंगांचा आहे, चालवून घ्यावा.) आपली कंबर कशी आहे? मामींचा खोकला? इकडे आई खुशाल आहे आणि बोकड तर माझ्यापेक्षा खुशाल आहे. गुडघ्याला कारण तोच.

यंदा माझं लग्न उरकायचंच असं आईनं ठरवलं. स्थळं दोन. एक पारनेरकडचं, आणि दुसरं (ते कुठलं ते सावकाश सांगतो). माणूस मास्तर झाला की मार्क दिल्याशिवाय त्याला भाजीसुद्धा गोड लागत नाही. शाळा सुटल्यावर फळ्यावर विषय मांडले: शिक्षण, स्वयंपाक, शिवण, स्वभाव, वडील. बेरीज केली, पारनेर पुढे. मग मी पोहणं हा विषय वाढवला. तरी पारनेर पुढे. उसाचं कांडं दातानं सोलणं वाढवलं, हसताना पदर तोंडात धरणं वाढवलं (असले विषय शिक्षण खात्यातही नसतील), तरी दुसरी मागेच. घोडं अडलं तिच्या वडिलांपाशी. काय सांगू मामा, महातापट माणूस. पत्त्यात लबाडी करतो, पकडला तर पत्ते भिरकावून उठतो, आणि पाहुण्याला जेवू घालताना घासागणिक स्वतःच्या उसाची थोरवी ऐकवतो. शंभरपैकी सात दिले, तेही हजेरीचे.

शेवटी आई म्हणाली, हिशेब पुरे, बोकडाला विचारू. जत्रेत बोकडावर पाणी शिंपडतात आणि त्यानं अंग झाडलं की देवाचा होकार मानतात, त्यातलाच प्रकार. (कापायचं मात्र नाही.) पारनेरचं नाव घेऊन चूळभर पाणी शिंपडलं. या दुष्काळात टँकरचं पाणी त्याच्या वाट्याला कुठलं, त्यानं ते चाटून घेतलं. दुसरं नाव घेतलं, तेही चाटलं. मग आईची नजर चुकवून मी त्याच्या कानात काडी घातली. त्यानं अंग झाडलं, अगदी मनापासून, आणि लगेच मला अशी ढुशी दिली की मी अंगणात पालथा. आईची नजर काही चुकली नव्हती. ती म्हणाली, "गोरख, फळ्याला फसवलं, बोकडाला बी फसवलं. तुजं तर कवाच ठरलेलं हाय की."

खरं आहे तिचं. मला पहिल्यापासून तीच हवी होती. बाकीची उठाठेव नुसती धीर गोळा करायला.

आपला लंगडा भाचा,
गोरक्षनाथ

ता. क. दुसरं स्थळ म्हणजे आपली कन्या मनकर्णा. गुरुवारी आई आणि मी मागणी घालायला बेलापूरला येतो आहोत.

आणखी एक ता. क. मनकर्णे, हे मात्र मोठ्यानं वाचू नकोस. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मामांना पत्रं तूच वाचून दाखवतेस, हे ठाऊक असूनच लिहिलं आहे. उसाच्या कांड्यापाशी तू ओळखलंच असशील. पुढचा वडिलांवरचा मजकूर गाळला असशील तर तुझा होकार, वाचला असशील तर नकार. तुला विचार करायला वेळ मिळू नये अशीच योजना होती. मी महिनाभर विचार करून काय दिवे लावले ते वर आहेच. गुरुवारी मामा हसून "या" म्हणाले तर मी समजून जाईन. काठी घेऊन उभे असले तरी समजून जाईन. तसं झालं तर आईला तेवढा चहा दे, तिचा यात काही दोष नाही.