बिनहातांची डोकी

१२ जानेवारी, रविवार

केस कापायचे म्हणते!

चहाचा पेला पुढ्यात ठेवला आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं – "लग्नाच्या आधी मी केस कापणार आहे. इथवर." मानेवर बोटाने रेघ ओढली. डाव्या हाताच्या बोटाने.

आमच्या मानसीचं लग्न तेवीस फेब्रुवारीला. सहा आठवडे राहिले. आणि नवरीची आई मानेवर केस भुरभुरवत मांडवात उभी राहणार! कणकवलीहून आत्या येणार, अर्धी वाडी येणार. अबोलीचा वळेसार माळायचा तो कशावर?

हे सगळं बोललो. जया म्हणाली, "चहा निवेल." मी पेला उचलला तर ओरडली, "अहो, काठाला धरा! पोळेल!" मला काही लागलं नाही. चाळीस वर्षं केस गाठायची आकडी धरलेली बोटं आहेत ही.

कारण विचारलं. "कंटाळा आला." एवढंच.

१३ जानेवारी, सोमवार

माझ्याच घरात हे व्हावं! टोप बनवणाऱ्याच्या!

नाटकाचे, दशावताराचे, हल्ली सिरियलवाल्यांचेही टोप मी बनवतो. उपनगरातल्या आंबोलीच्या या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर. कोणी शिकवलं नाही. गिरणी बंद पडली, वडील घरी बसले, मी तेव्हा सोळाचा. एक फाटका टोप कुठल्याशा नाटक कंपनीने टाकून दिलेला मिळाला. तो गाठ गाठ करून उसवला. चौदा दिवस. परत बांधायला पाच महिने. तोच माझा गुरू.

पहिला नियम तेव्हाच कळला. केसाला मूळ असतं आणि टोक असतं. जुडीतले सगळे केस एकाच दिशेने हवेत. दहा केस जरी उलटे गेले तरी टोपाचा महिन्यात गुंता होतो. मूळ कुठलं हे डोळ्यांना दिसत नाही. चिमटीतून केस ओढायचा – एका बाजूने सरकतो, दुसऱ्या बाजूने अडतो. बोटांना कळतं. माझ्या बोटांना कळतं. दोन वर्षांपूर्वी एक टोप गुंता होऊन परत आला होता – त्यांनी भलत्याच शांपूने धुतला असणार. त्यानंतर एकही नाही.

जयाचे केस लग्नात एकोणचाळीस इंच होते. आता एकतीस. वेणी चार बोटं होती, आता दोनला थोडी जास्त. तरीही काळा रंग जुळवायचा असला की मी अजून तिची वेणी डोळ्यांसमोर आणतो.

तिला हे कधी सांगितलेलं नाही. का सांगायचं?

१५ जानेवारी, बुधवार

बाजारात सखुबाई. वेसाव्याची, वीस वर्षं तिच्याकडूनच मासे. आज बघतो तर अंबाडा गायब! पोराचे असावेत तेवढे केस.

"काय गं सखुबाई, केस कुठे गेले?"

"कापले! तुला काय झाला?" पापलेटाला पाणी मारत म्हणाली. "एवरे केस धवाला दोन बादल्या पानी. सून बोंबलते. म्हावऱ्याचा वास तरी जातंय का? आता एका मग्यात काम."

म्हटलं, चांगले होते. जाड होते.

"तुला चांगले. धवाचे मना!" बाजूची कोळीण फिदीफिदी हसली. मग सखुबाईने सुरी थांबवली. "मना इचारतंस. घरात इचारलंस का?"

घरातल्या केसांचं हिला कोणी सांगितलं?

१९ जानेवारी, रविवार

जयाचं हळदीकुंकू. मी आतल्या खोलीत, दार लोटून. सात बायका. फटीतून मोजल्या – चौघींचे केस खांद्याच्या वर. पाच वर्षांपूर्वी एकही नव्हती.

ऐकू येत होतं सगळं. समोरच्या रुक्मिणीवहिनी (जया त्यांनाही बोलावते) सांगत होत्या – "अगं, ह्यांच्या आजारपणात सहा महिने नीट विंचरायलाच मिळालं नाही. नुसती गाठ मारायची. ते गेले, मग आरशात बघितलं. म्हटलं, एवढं ओझं कशाला वाहतेय? मला कोणी विचारलं पण नाही का कापले ते. सगळ्यांना वाटलं, ते गेले म्हणूनच."

कोणीतरी म्हणालं, "माझे तर वाटीभर उरले होते. लांब ठेवले की शेपूट दिसायचं. आखूड केले तर डोकं तरी दिसतं."

हसल्या. मग कोणीतरी – "जया, तू कधी?"

"ह्यांचा धंदा आहे ना केसांचा," जया म्हणाली. "परवानगी लागते."

पुन्हा हसल्या! मी आत बसून तिळगूळ खात होतो. उरलेला डब्यात परत टाकला.

२० जानेवारी, सोमवार

अबोला. दोन वेळचं जेवण वेळेवर.

२८ जानेवारी, मंगळवार

कंटाळा हे कारण होऊ शकत नाही. मलाही कंटाळा येतो. म्हणून मी हात कापत नाही.

हे तिला म्हणालो. तिने माझ्या हातांकडे बघितलं. मग भाजी निवडायला बसली.

दुपारी मी तासभर पडतो तेव्हा ती माझ्या टेबलाशी असते. किती वेळा सांगितलं – आवरू नकोस, माझी माझी मांडणी असते. "धूळ पुसते," म्हणते. पुसू दे. जुड्या जागच्या जागी असतात, तेवढं पुरे. माझी शिस्त तिला एव्हाना कळली आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

आज पाचलाच जाग आली. पत्रिका वाटायला निघायचं होतं. एरवी मी साडेसहाला उठतो, तोवर जया अंघोळ करून, अंबाडा घालून तयार.

स्वयंपाकघरात दिवा. जया पाटावर. मागे मानसी, तोंडात दोन काटे. आईचे केस विंचरत होती. जयाचा उजवा हात मांडीवर – नुसता ठेवलेला, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

मानसीने मला पाहिलं. काटे तोंडातून काढले. "बाबा, आता तरी कळू दे. आईचा खांदा धरलाय. हात कानाच्या वर जात नाही. आठ महिने झाले."

आठ महिने!

"डॉक्टर?"

"दोनदा जाऊन आलो. व्यायाम दिलाय. वेळ लागणार म्हणाले, वर्ष, दीड वर्ष. रोज मी बांधून देते अंबाडा." मग जरा थांबून – "तेवीसपर्यंत."

तेवीसनंतर मानसी मुलुंडला.

जया म्हणाली, "डावीकडचो काटो टोचतासा." मानसीने तो काढून परत घातला.

३ फेब्रुवारी, सोमवार

झोप नाही.

नटीच्या कपाळावर केसांची रेघ एक सूत सरकली तरी मला दिसते. प्रयोगात चौथ्या रांगेतून दिसते. आणि घरात बायको आठ महिने डाव्या हाताने डबे काढते, पदर घेते, कडीला हात लावते – मला दिसलं नाही.

टेबलावर माझे सहा ठोकळे. लाकडी डोकी. त्यांच्यावर जाळी ताणायची, केस गाठायचे. कपाळ आहे, मान आहे, कानाच्या जागा आहेत. हात नाहीत. चाळीस वर्षं मी बिनहातांच्या डोक्यांकडे बघत आलो.

तिला विचारलं, सांगितलं का नाहीस?

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

"मी घातला असता अंबाडा!"

"म्हणून नाही सांगितलं."

याचा अर्थ लागत नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ठरवलं. उद्यापासून मीच. मानसीलाही सांगितलं, तू सूट. जगभरच्या राण्यांचे अंबाडे मी घातले. घरचा एक जड आहे?

५ फेब्रुवारी, बुधवार

उत्तम जमला. पस्तीस मिनिटं लागली. भांग मधोमध, पट्टीने तपासला. तोंडात सहा काटे असल्यामुळे बोलणं झालं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पंचवीस मिनिटं. अंबाडा कालच्यापेक्षा वर बसला. मधे जया दोनदा "स्स" म्हणाली. हलू नको म्हटलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

भडका!

वेणीचा तिसरा पेड ओढत होतो. तिची मान डावीकडे गेली, मी हनुवटी धरून सरळ केली – सवयीने, ठोकळा फिरवतो तशी. ताडकन उठली. अर्धी वेणी माझ्या हातात, ती पुढे. राग आला की जया थेट मालवणीत जाते.

"मी काय तुमचो ठोकळो आसंय? किती वडतात ता कळता तुमका?"

म्हटलं, हळूच तर ओढतोय.

"तुमका हळू वाटता!" डोळ्यांत पाणी होतं. दुखण्याचं की रागाचं, कळलं नाही. मग पाटावर बसली, माझ्याकडे पाठ करून. आवाज खाली आला. "आई होती तोवर तिने विंचरलं. मग मी. मग मानसी. आता तुम्ही. उद्या तुमचं काही झालं तर कोण? रोज सकाळी उठून कोणाची तरी वाट बघायची, माझं डोकं कधी होईल म्हणून? दात घासते तसं मला हे पण माझं माझं करायचंय. डाव्या हाताने. दोन मिनिटांत. फॅशन नको, तरुण दिसायला नको. मला कोणाच्या हातात डोकं द्यायचं नाही. बस."

इतकं ती एका वेळी वर्षभरात बोलली नसेल.

मी विचारलं, "लग्नात?"

"लग्नाला अजून दोन आठवडे आहेत. तुम्ही कारागीर आहात ना?"

९ फेब्रुवारी, रविवार

कापले. मीच कापले. पार्लरमध्ये जाते म्हणाली, मी नाही म्हटलं. एवढं तरी माझ्याकडे असू दे.

आधी दोन ठिकाणी दोऱ्याने आवळून बांधले – वर मूळ, खाली टोक. मग कात्री. एका फटक्यात होत नाही, आवाज होतो – ओल्या वाळूवर चालल्यासारखा. एकतीसातले तेवीस इंच हातात आले. वजन एकशे दहा ग्रॅम. हातात घेतलं तर काहीच नाही वाटलं. हेच तिला इतके दिवस जड होत होतं.

मागून मान बघितली. मानेवर डावीकडे तीळ आहे. एकतीस वर्षांत पहिल्यांदा दिसला.

"कसं दिसतं?" तिने विचारलं.

"कडा समान आहेत," म्हटलं.

मानसी हसून लोटपोट. "बाबा, यार, एकदा तरी नीट बोला ना!"

१५ फेब्रुवारी, शनिवार

जयाच्याच केसांचा अंबाडा बनवतो आहे. तिच्याच डोक्यावर बसेल, तिच्याच रंगात मिसळेल. आत्यालाही कळणार नाही.

दुपारी उठून बघतो तर जया टेबलाशी, डाव्या हाताच्या चिमटीत एक एक केस. म्हटलं, स्वतःच्याच केसांशी काय खेळतेस? दचकली. "शेवटचे बघून घेते," म्हणाली.

वाईट वाटलं जरा. दार ओढून घेतलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

मानसी गेली. घर रिकामं. पाय सुजलेत.

अंबाडा झकास! सगळे विधी पार पडले, कोणाला शंका नाही. वळेसार सुंदर दिसत होता. आत्या तर म्हणाली, "जयाचे केस अजून तसेच हत हां!" मी खांबाला टेकून ऐकत होतो. बरं वाटलं.

जेवणाच्या पंगतीला जया माझ्याजवळ आली. घामाने निथळत होती. मागे हात घातला – डावा – तीन काटे काढले आणि आख्खा अंबाडा वळेसारासकट माझ्या हातात दिला. "धरा. आता जेवते सुखाने."

आत्याचा घास तोंडाशी राहिला. "गो बाय माझे! केस खंय गेले?"

"ते काय, ह्यांच्या हातात!"

पंगत हसली. आत्याही हसली, मग हळूच जयाला म्हणाली – मी ऐकलं – "माका पण कापूक व्हये होते गो. धीर झालो नाय."

आत्या ब्याऐंशीची आहे.

२ मार्च, रविवार

सकाळी बघितलं. जया आरशासमोर. कंगवा डाव्या हातात. तीनदा फिरवला. झालं. मग उगाच चौथ्यांदा फिरवला.

मी झोपल्याचं सोंग केलं.

५ मार्च, बुधवार

जया मुलुंडला, मानसीकडे. पाच दिवस राहीन म्हणाली. चला, टेबल माझं!

९ मार्च, रविवार

चार दिवसांत बांधलेला टोप आज विंचरला. कंगवा अडकला. गुंता. सगळी जुडी मूळ-टोक मिसळलेली. दुसरी जुडी घेतली, चिमटीतून केस ओढला. या बाजूने, त्या बाजूने. बोटांना सारखाच. तिसरी. सारखाच. मेणबत्ती पेटवून ज्योतीजवळ बोट नेलं. चटका उशिरा कळला.

जयाला फोन केला. जुड्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "तो टोप परत आला तेव्हापासून, दोन वर्षं झाली. तुम्ही दुपारी पडायचात तेव्हा मी उलटे केस सुलटे करून ठेवायची."

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आकडी खाली ठेवली असती." मागे मानसी काहीतरी विचारत होती. "संध्याकाळी येते. टेबल तसंच असू दे."