सुमनचा रिपोर्ट

सौसर, मंगळवार, संध्याकाळ

आज सुमनचा रिपोर्ट आला. पंधरा दिवसांपूर्वी नागपूरला दुर्बिणीने तिची पित्ताची पिशवी काढली. पोटावर चार बारीक छिद्रं, दुसऱ्या दिवशी घरी. बायकोच्या पोटात खडेच तर होते, असं मी शाळेत सगळ्यांना सांगत सुटलो. पिशवी तपासायला पाठवली होती, हे विसरलोच होतो. त्या पिशवीत कॅन्सर निघाला. डॉक्टर फोनवर म्हणाले, कुठवर पसरलाय ते पाहू, पुन्हा मोठं ऑपरेशन लागेल.

दोन वर्षं ती पोट दुखते म्हणत होती. मीच म्हणायचो, ॲसिडिटी आहे, गोळी घे. दोन वर्षं!

घरी आलो तर ती भजे तळत होती. "आता मले तळलेलं सगळं चालते," म्हणाली. मग विचारलं, "रिपोर्ट आला काय?"

"नाही अजून."

तिनं गॅस बंद केला. "तुम्हाले खोटं बोलताच येत नाही जी. सांगा."

सांगितलं. रडलो मीच. ती भिंतीला टेकून बसली. मग म्हणाली, "पोरीचे पेपर चालू हायेत. तिले आत्ताच नका सांगू."

तेवढ्यात पांढुर्ण्याहून पोरीचा फोन आला. सुमननं उचलला आणि हसून म्हणाली, "मी? मी मस्त हावो. भजे तळून राहिली."