टांग्याची घोडी आणि उजव्या पायाचा नाल

बाबा, काल वरसे गावच्या नाक्यावर एक वरात अडकली होती. नवरदेव लगामाला असा लोंबकळत होता, जसा काय एसटीचा दांडाच धरलाय. घोडी बिचारी मान वर करून जागच्या जागी पाय आपटत होती. माझ्या तोंडून फाडकन निघून गेलं, "अरे, हात सैल सोड!" सगळी वरात वळून बघायला लागली. साठी उलटलेली बाई, हातात भाजीची पिशवी, आणि नवऱ्यामुलाला दटावतेय. घरी येऊन चहा टाकला, तो उतू गेला, तेव्हा हा कागद घेऊन बसले. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे, आणि ती चांगली नाही.

तुमचा टांगा रोह्याच्या स्टँडवर उभा राहायचा. बाजाराच्या पाट्या, शाळेची पोरं, बाळंतीण बाया, सगळं त्यातच. पुढ्यात कुणाचं लेकरू धावत येईल याचा नेम नाही, म्हणून तांबडीला तुम्ही अशी तयार केली होतीत की लगामाला जरा ओढ लागली की ती जागीच उभी. शर्यतीवाले हसायचे. घोडी कसली, गाय आहे म्हणायचे. पण स्वतःची अडेल जनावरं वठणीवर आणायला तुमच्याच दारात आणून बांधायचे. सकाळी पहिल्या फेरीच्या आधी तुम्ही मला तिच्यावर बसवायचात. खोगीर नाही, दुमडलेलं पोतं. आधी खरारा मी करायचा, मगच वर. मी पडले की आई आतून ओरडायची आणि तुम्ही आधी घोडीचे पाय बघायचात. मला त्याचा असा राग यायचा! एकदा रडतच म्हटलं, मुली कुठे घोड्यावर बसतात, मला नाही जमायचं. तुम्ही लगाम उचलून परत माझ्या हातात दिलात. "भ्यायचं तर खाली उतरून भी. वर बसल्यावर तुझी भीती तिच्या तोंडात जाते गो."

मी दहावी झाले त्या वर्षी पेणकडच्या एका जत्रेत, खाडीकाठच्या वाळलेल्या खाजणात घोड्यांची शर्यत होती. तुम्ही माझं नाव दिलंत. नालबंदाला बोलावलं नाहीत, नवे नाल स्वतः ठोकलेत. तालुक्यात आपल्यासारखा हात नाही हे तुम्हाला पक्कं माहीत होतं, आणि ते तुम्ही लपवतही नव्हतात. जोह्याला आत्याकडे मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी सात घोड्यांच्या रांगेत उभी होते, सहा पुरुष आणि मी, भावाचा लेंगा घालून, डोक्याला रुमाल बांधून. लांब एक निशाण रोवलेलं, त्याला वळसा घालून परत यायचं. तांबडी सुटली ती सुटलीच. बाबा, निशाणापर्यंत मी पुढे होते. वळणावर दोन्ही बाजूंनी दोन घोडे घासत आले, एकाची रिकीब माझ्या गुडघ्यावर आदळली. मी दोन्ही हातांनी लगाम खेचला, जीव खाऊन. तांबडी थांबली. तुम्ही शिकवलं होतं तशीच थांबली. बाकीचे निघून गेले.

मी सगळ्यांच्या मागून आले. तुम्ही गर्दीतून वाट काढताय तोवर खाली उतरले, तर तिच्या तोंडाच्या कडेला लाल फेस. तो मी डोक्याच्या रुमालाने पुसला आणि रुमाल कमरेला आत खोचला. तुम्ही काही विचारायच्या आधीच म्हणाले, पुढचा उजवा पाय, ती लंगडली. तुम्ही पाय मांडीवर घेता, दगडाने ठोकून बघता, ती हलतसुद्धा नाही. तरी तुम्ही नाल उपटता. खिळा वाकडा जाऊन खुरात टोचला का, म्हणून तो उन्हात धरून कितीतरी वेळ बघता. मग सगळ्यांदेखत म्हणता, "पोर नाय चुकली. माझा हात चुकला." तेव्हाच बोलायला हवं होतं. मी रुमाल कमरेला आणखी आत खोचला.

परत येताना तुम्ही टांबरी रस्ता सोडून बाजूच्या मातीतून तिला चालवत आणलंत आणि मलाही वर बसू दिलं नाहीत. त्यानंतर तुम्ही हातोडीला हात लावला नाहीत. नालबंद यायचा आणि तुम्ही गिऱ्हाइकासारखे बाजूला उभे राहायचात. शिकवायला आणलेले घोडे परत पाठवायला लागलात, आता माझा हात बसत नाय म्हणून. आणि माझं काय झालं? रोहाभर तुम्ही सांगत फिरलात की पोर वाघीण आहे, शेवटपर्यंत टिकून बसली. लोकांनी मानलं. मीही मानायला लागले. कंपनीत पहिल्यांदा बाईला शिफ्ट देणार होते, तेव्हा साहेबाने विचारलं, घाबरणार नाही ना? मी मान ताठ करून म्हटलं, मी शर्यतीत घोडी पळवलेली आहे. एकतीस वर्षं नोकरी केली त्या एका वाक्यावर. तुमच्यातला ताठा मी उचलून नेला बाबा, आणि तुम्ही रिकामे बसलेले मला रोज दिसत होतात.

शेवटच्या आजारपणात एका दुपारी मी तुम्हाला पेज भरवत होते. तुम्ही मध्येच म्हणालात, "खरं सांग. खिळाच होता ना?" मी चमचा पुढे केला आणि म्हटलं, व्हय बाबा, खिळाच. तुम्ही पेज गिळलीत. "मग बरं. तू भ्याली असतीस तर मला जास्त लागलं असतं."

आत्ता हे आत येऊन विचारून गेले, एवढं काय लिहितेस. किराणाची यादी म्हटलं. हा कागद कुणाला दाखवायचा धीर माझ्यात नाही, आणि तुमच्यापर्यंत तो पोचणार कसा? बाबा, नाल नीट बसला होता. खिळाही सरळ होता. मी भ्याले होते. निशाणाजवळ भ्याले, आणि तुम्ही विचारलंत तेव्हाही भ्याले.