मेणाच्या चौदा वड्यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. टायपिस्टकडे दिले असते तर संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला तोंडपाठ झाले असते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्यांनी तो फारच पटकन दिला, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचाही जोडला आहे.

१. माझी राहती दोन खोल्यांची जागा धाकट्या बहिणीला मिळावी. तिच्या मुलाला नाही. तो हल्ली दर रविवारी येतो, गोड बोलतो आणि नजरेने भिंती मोजतो.

२. त्या भाच्याला माझी सायकल. परवा म्हणाला, "मावशी, कपाटातल्या त्या मेणाच्या वड्या टाकून देऊ का? उगाच जागा अडवतात." माझ्या कपाटात काय आहे हे याला कसे कळले? सायकलच्या कुलपाची किल्ली बहिणीकडे राहील.

३. मेंदूचे काप उचलायचे माझे तीन कुंचले आणि कापायचे पाते माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीला. तिला आम्ही चिमणी म्हणायचो. आता ती शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोगशाळा तिने आपणहून सोडलेली नाही.

४. त्या वड्यांमध्ये उंदरांच्या नवजात पिल्लांचे मेंदू आहेत. कोवळ्या मेंदूत काही पेशी नुसत्या वाढत असतात. त्यांतल्या कोणी, कधी मज्जापेशी व्हायचे, याचे हुकूम काही नियामक जनुके सोडतात. अशा एका जनुकाला आम्ही 'मुकादम' म्हणायचो. मुकादम काढून टाकलेल्या पिल्लांचे आणि साध्या पिल्लांचे मेंदू मी मेणात बसवून कापले, एकेका वडीचा काप एकेका काचेच्या पट्टीवर घेतला आणि काचेवर वडीचा नंबर घातला. माझ्या काचांवर दिसले, की मुकादम नसला की पेशी घाईने मज्जापेशी होऊन बसतात, म्हणजे तो त्यांना थोपवून धरतो. प्रयोगशाळेच्या साहेबांनी शोधनिबंधात तेच छापले. पुढे चिमणीने त्याच वड्यांचे नवे काप काढले, तर नेमके उलटे. मुकादम नसला की पेशी नुसत्या वाढतच राहतात, मज्जापेशी होतच नाहीत.

ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, रागावू नका, पण तुमच्या काचांवर पेनानं लिहिलं होतं का?"

"माझ्याकडेच शिकलीस आणि मलाच शिकवतेस होय गं?" मी म्हटले. साहेबांना सांगितले, की पोरीने काचांची अदलाबदल केली, मला तिचा पहिल्यापासून संशय होता. महिन्याभरात तिला काढले.

५. आता खरे ते लिहिते. काच स्पिरिटमध्ये बुडवली की पेनाची शाई धुऊन जाते, म्हणून काचेवर पेन्सिलीनेच लिहायचे, हे मीच सगळ्यांकडून घोकून घेतले होते. पण माझ्या पेन्सिली कोणीतरी पळवते अशी माझी खात्री होती, म्हणून मी त्या कुलपात ठेवायची. त्या दिवशी किल्ली घरी राहिली. मी पेनाने लिहिले, ते धुऊन गेले, आणि मी आठवणीने पुन्हा लिहिले. वडीत रुतवलेल्या चिठ्ठीवरचा नंबर मात्र पेन्सिलीचा असतो. निवृत्त होताना मी काचा आणि वड्या घरी आणल्या, तिथे कोणी हात मारील म्हणून. इतकी वर्षे त्या कपाटात होत्या. गेल्या सोमवारी प्रत्येक काच, तिच्यावरच्या कापाचा आकार ज्या वडीशी जुळतो तिच्याशेजारी ठेवून, भिंगातून नंबर ताडून पाहिले. चौदाच्या चौदा उलट्या होत्या, साध्या पिल्लांच्या काचांवर मुकादम काढलेल्यांचे नंबर आणि त्यांच्या काचांवर साध्यांचे. चिमणी खरी होती. मला फार लाज वाटते.

६. हे कलम मी खोडले आहे आणि खोडीवर माझी सही आहे. वड्या आणि ही कबुली माझ्या मृत्यूनंतर चिमणीला पोचवावी, असे त्यात होते. पण मी मेल्यावर तिने भांडायचे कोणाशी? उद्या शाळा सुटताना वड्या घेऊन मीच तिच्या फाटकाशी उभी राहते. तिथून आम्ही साहेबांकडे जाऊ, ती मला सोबत येऊ देणार असेल तर.

साक्षीदारांना मजकूर दाखवायचा नाही, असे मी ठरवले होते. कलम पाच मात्र दोघांना बसवून मोठ्याने वाचून दाखवले.

ठिकाण: राहते घर
दिनांक: १४ मार्च

सही (स्वतःची, दोन वेळा)

साक्षीदार:
१. खालच्या मजल्यावरचे औषधविक्रेते (सही)
२. शेजारच्या शिवणकामवाल्या बाई (सही)